ब्लेड सारखे तुटतेय, नक्षी तिरकी जातेय? स्क्रोल सॉ मशीन विकण्याआधी ब्लेडचा ताण तपासा

गणपतीचे मखर, देव्हाऱ्याची जाळी, दारावरची नावाची पाटी, लाकडी खेळणी अशा बारीक कामांसाठी आता गावोगावच्या सुतारांकडे स्क्रोल सॉ मशीन दिसू लागले आहे. मशीन घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस काम छान होते. मग ब्लेड निसटू लागते, तुटू लागते, नक्षी रेघ सोडून पळते. सणाची ऑर्डर तोंडावर असते, फळी वाया जाते आणि 'मशीनच खराब निघाले' असे म्हणून ते कोपऱ्यात पडते. खरे तर यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ ब्लेडच्या ताणात असते आणि ती दुरुस्ती घरच्या घरी, फारसा खर्च न करता होते.

ताण म्हणजे नेमके काय?

स्क्रोल सॉचे ब्लेड साधारण 5 इंच म्हणजे 127 मिलिमीटर लांब आणि अगदी अरुंद असते. वरच्या आणि खालच्या हाताच्या क्लॅम्पमध्ये ते तारेसारखे ओढून धरलेले असते. ही ओढ म्हणजेच ताण. ओढ नीट असेल तर ब्लेड सरळ वरखाली चालते. ओढ कमी असेल तर लाकडाच्या दाबाने ते मागे आणि बाजूला वाकते.

ताण कमी की जास्त, ओळखायचे कसे?

ताण कमी असेल तर:
- ब्लेड रेघेवर टिकत नाही, वळणावर पिळते.
- जाड फळीत वरून गोल बरोबर दिसतो, पण खालून वाकडा निघतो. कापलेला तुकडा एका बाजूने अडकतो.
- कापलेली कड काळी पडते, जळाल्याचा वास येतो.

ताण जास्त असेल तर:
- दाते धारदार असतानाच ब्लेड पटकन तुटते.
- ब्लेड क्लॅम्पमधून सटकते.
- मशीनच्या हातांवर आणि बेअरिंगवर विनाकारण जोर येतो.

ताण असा लावा

1. आधी प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही.
2. ताणाचा खटका किंवा नॉब पूर्ण सैल करा. बऱ्याच मशीनला तो वरच्या हाताच्या पुढे किंवा मागे असतो.
3. ब्लेडचे दाते पुढे, म्हणजे आपल्याकडे, आणि खाली तोंड करून असावेत. बोट खालून वर हलकेच फिरवले तर दाते बोचतात. उलटे लागलेले ब्लेड लाकूड वर उचलून आपटते. काही ब्लेडच्या तळाचे थोडे दाते मुद्दाम उलटे असतात, ते पाहून गोंधळू नका.
4. आधी खालचा क्लॅम्प, मग वरचा क्लॅम्प घट्ट करा. शेवटी ताण वाढवा.
5. ब्लेडला बोटाने तंबोऱ्याच्या तारेसारखे छेडा. 'टण्ण' असा स्वच्छ आवाज आला तर ताण ठीक. 'थप्प' असा बसका आवाज आला तर थोडा वाढवा.
6. बोटाने बाजूने दाबून पाहा. ब्लेड साधारण 3 मिलिमीटरपर्यंत हलले तर चालेल. त्याहून जास्त हलले तर सैल आहे.

बारीक नंबरच्या ब्लेडला ताण थोडा कमी आणि रुंद ब्लेडला जास्त लागतो. त्यामुळे ब्लेड बदलले की ताण नव्याने तपासायचा. कालचा नॉब आज तसाच चालेल असे नाही.

ताण लावूनही सैल पडतोय?

काम सुरू केल्यावर दोन-चार मिनिटांत आवाज बसका होत असेल, तर ब्लेड क्लॅम्पमध्ये घसरत आहे. नवीन ब्लेडला गंज लागू नये म्हणून तेल लावलेले असते, घसरण्याचे ते मोठे कारण. ब्लेडची दोन्ही टोके थिनरने पुसा आणि पॉलिश पेपरने हलकी घासा.

तरीही घसरले तर क्लॅम्पचा स्क्रू बाहेर काढून त्याचे टोक पाहा. सारखे आवळून ते चपटे किंवा गोल होते, पकड राहत नाही. कानशीने ते सपाट करा किंवा त्याच मापाचा नवा स्क्रू टाका. क्लॅम्पच्या आतली बाजू गुळगुळीत झाली असेल तर पॉलिश पेपरने खरखरीत करा. पक्कड लावून जोरात आवळणे टाळा, त्याने आटे जातात आणि पाच रुपयांचे दुखणे मोठे होते.

ब्लेड तुटते कुठे, ते पाहा

क्लॅम्पच्या अगदी जवळ तुटत असेल तर ब्लेड तिरके बसले आहे. वरचा आणि खालचा क्लॅम्प एका रेषेत आहे का ते तपासा. मधे तुटत असेल तर बहुधा दाते बोथट झालेत किंवा फळी जोरात ढकलली जातेय. गावात व्होल्टेज कमी असले की काही मशीनचा वेग मंदावतो आणि हात आपोआप जोर लावतो. अशा वेळी कापण्याची घाई नको. ब्लेडला त्याच्या गतीने कापू द्या.

प्रत्येक दोष ताणाचा नसतो

सरळ रेघ कापताना फळी थोडी तिरकी धरावी लागते, अशी तक्रार असते. बऱ्याच ब्लेडच्या एका बाजूला बनवतानाच बारीक कंगोरा राहतो. त्यामुळे काप साधारण उजवीकडे सरकतो. त्यावर ताण वाढवत बसू नका. फळी किंचित फिरवून धरा, हात बसतो.

कड तिरकी येत असेल तर टेबल पाहा. जाड तुकड्यात छोटी खाच पाडा, मशीन बंद करा आणि तुकडा फिरवून ब्लेडच्या मागून ती खाच ब्लेडवर सरकवा. सहज गेली तर टेबल काटकोनात आहे. अडली तर टेबल गुण्याने जुळवा.

ताण, क्लॅम्प, टेबल सगळे ठीक असूनही ब्लेड थरथरत असेल, तर प्लग काढून वरचा हात धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. हात खिळखिळा लागला तर बेअरिंग किंवा बुश झिजले आहे. इथे मात्र मेकॅनिकला दाखवलेले बरे.

रोजची सवय

- काम संपले की ताण सैल करा. मशीनचे हात आणि ब्लेड दोन्ही टिकतात.
- क्लॅम्पमधला भुसा ब्रशने साफ करा.
- ब्लेड बोथट झाले की लगेच बदला. जुने ब्लेड वाचवताना फळी वाया घालवू नका.
- ब्लेड तुटले की तुकडा उडू शकतो, म्हणून चष्मा लावाच. एमडीएफ कापताना तोंडाला मास्क हवा.
- सैल बाही, ओढणी, हातातला गंडा मशीनजवळ नको.

मोठ्या ऑर्डरची फळी लावण्याआधी त्याच जाडीच्या रद्दी तुकड्यावर एक गोल कापून पाहा. वरून आणि खालून सारखा निघाला तरच मूळ फळीला हात घाला. या पाच मिनिटांत दिवसभराची मेहनत वाचते.