टक्का, पण कशाचा?

'एक टक्का' असे मुलाने उत्तर दिले की आपण लगेच विचारतो, 'कशाचा?' हा साधा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तेव्हा अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत काय झाले ते पाहू.

१९८० साली तिथल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे पत्र छापून आले. अफूच्या कुळातली वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर व्यसन लागलेले फक्त चार आढळले. पण हे सारे रुग्णालयात दाखल असलेले रुग्ण होते. काहींना औषध एकदाच मिळाले असले तरी त्यांची गणना झाली होती. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात अवाक्षर नव्हते.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने 'ऑक्सिकॉन्टिन' ही गोळी बाजारात आणली. तिच्यातले ऑक्सिकोडोन मॉर्फिनचेच भावंड. कर्करोगाच्या वेदनांवर अशी औषधे वरदान ठरतात. कंपनीने मात्र ती पाठदुखी-सांधेदुखीसाठीही खपवली. गोळीतून औषध बारा तास हळूहळू झिरपते, त्यामुळे व्यसनाचा धोका एक टक्क्याहूनही कमी, असे तिचे प्रतिनिधी डॉक्टरांना सांगत. प्रत्यक्षात गोळी चुरडली की सगळा साठा एकदम रक्तात उतरे. न चुरडता घेणाराही सुटत नसे. मेंदूतल्या पेशी औषधाला सरावतात, तोच आराम मिळायला मात्रा वाढवावी लागते. आणि गोळी बंद केली की घाम, पोटात कळा, झोप उडालेली. मग पुन्हा गोळी.

खेडीच का? कोणता डॉक्टर किती वेदनाशामके लिहितो याची माहिती कंपनीकडे असे. जास्त लिहिणाऱ्यांकडे प्रतिनिधींच्या खेपा जास्त, आणि खपावर प्रतिनिधींना बोनस. वेस्ट व्हर्जिनिया, पूर्व केंटकी हा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा मुलूख. कष्टाने मोडलेल्या पाठी तिथे घरोघर. शिवाय पहिल्या गोळ्या फुकट मिळण्याची कुपने होतीच! १९९६ मधली ४.८ कोटी डॉलरची विक्री २००० साली ११० कोटींच्या आसपास पोचली. २००७ मध्ये पर्ड्यूच्या एका संलग्न कंपनीने धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा व्हर्जिनियातल्या न्यायालयात कबूल केला आणि सुमारे ६० कोटी डॉलर भरले. तोवर व्यसन गावोगाव पसरले होते.

त्या पत्राचा आधार किती लेखांनी घेतला, हे २०१७ मध्ये संशोधकांनी मोजले. असे ६०८ लेख निघाले. त्यांपैकी ४९१ लेखांत ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच नव्हता.