सायकलशर्यतीचा एकसंध पोशाख

सदरा व विजार एकत्र शिवून तयार केलेला, अंगाला घट्ट बसणारा पोशाख. तो मुख्यतः व्हेलोड्रोममधील शर्यतींत आणि स्पर्धकांना ठराविक अंतराने एकेकटे सोडले जाते अशा कालशर्यतींत वापरतात.

सपाट मार्गावर ताशी ४० किमी.पेक्षा अधिक वेगाने जाताना स्वाराला होणाऱ्या एकूण विरोधापैकी सुमारे ९० टक्के विरोध हवेचा असतो व त्याचा बहुतांश सायकलीवर नव्हे, तर स्वाराच्या शरीरावर पडतो. वेग दुप्पट झाल्यास हा रोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. यामुळे पोशाखास विशेष महत्त्व प्राप्त होते.

पूर्वी लोकरीचे विणलेले कपडे वापरीत. ते घामाने जड होत व सैल पडत. १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी ड्यू पाँट कंपनीत शोधलेल्या स्पँडेक्स या स्थितिस्थापक तंतूमुळे घट्ट पोशाख शक्य झाला. फ्रांचेस्को मोझेर यांनी जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटी येथे एका तासात ५१.१५१ किमी. अंतर कापले, तेव्हा त्यांनी असाच पोशाख घातला होता. अर्थात भरीव चाके व तेथील विरळ हवा यांचाही त्या विक्रमास हातभार लागला.

चांगल्या पोशाखाची पहिली कसोटी म्हणजे सुरकुत्यांचा अभाव. तो वाकलेल्या स्थितीसाठी बेतलेला असतो. म्हणून ताठ उभे राहिल्यास तो आखडतो. दुसरी कसोटी कापडाच्या पोताची. दंड व मांड्या स्थूलमानाने दंडगोलाकार असतात. त्यांवरील कापड किंचित खडबडीत असल्यास सीमास्तरात संक्षोभ निर्माण होऊन हवा अंगाला अधिक काळ चिकटून वाहते व मागील कमी दाबाचा पट्टा अरुंद होतो. गोल्फच्या चेंडूवरील खळग्यांचे कार्यही असेच असते. मात्र खडबडीतपणा वेगाला व अवयवाच्या जाडीला अनुरूप हवा. तो अवाजवी झाल्यास रोध वाढतो. शिवणी हवेच्या मार्गात आडव्या येऊ नयेत, घाम सुकावा, बैठकीचा अस्तरगादीचा भाग त्वचेला घासू नये आणि श्वसनास अडथळा होऊ नये, हेही आवश्यक असते.

२०१७ च्या तूर द फ्रान्समध्ये ड्यूसेलडॉर्फ येथील पहिल्या कालशर्यतीत एका संघाच्या पोशाखावरील उंचवट्यांवरून वाद झाला होता. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार खडबडीतपणा केवळ विणकामातून वा कापडाच्या जोडणीतून आलेला असावा लागतो व त्याची उंची १ मिमी.पेक्षा अधिक चालत नाही. विजय साधनाचा नव्हे, तर स्वाराचा ठरावा, हा अशा नियमांमागील हेतू होय. तथापि वातविवरात प्रत्येक स्वारावर पारखून घेतलेला पोशाख महाग असल्याने सर्व स्पर्धकांना तो समान रीतीने लाभत नाही.