अनुदानाआधीची वही

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यात छोटं आरोग्य केंद्र चालवणाऱ्या संस्थेला एखाद्या फाउंडेशनकडे मदत मागायची असली, की पहिली शोधाशोध सुरू होते ती प्रस्ताव लिहून देणाऱ्याची. माझ्या मते ती फार नंतरची गोष्ट. आधीची दोन वर्षं केंद्रात कोणती वही भरली गेली, यावर अनुदानाचं बरंचसं ठरतं.

गडचिरोलीचं उदाहरण बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या, तेव्हा 92 टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचं दिसलं. ते निष्कर्ष 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे 39 गावांत नवजात बाळांची घरोघरी जाऊन काळजी घेतली आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेत 62 टक्क्यांनी खाली आला. फोर्ड, मॅकआर्थर यांसारख्या फाउंडेशनांनी या कामाला पैसा दिला, कारण आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे दोन्ही कागदावर होतं.

आपल्याकडे संशोधन केंद्र नाही, नसू दे. पण मोजता आपल्यालाही येतं. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार जुनी आहे. ‘आमच्या भागात किडनीचे पेशंट फार’ एवढ्यावर मुंबईतला कार्यक्रम अधिकारी हलत नाही. वहीत प्रत्येक माणसामागे रकाने हवेत: वय, गाव, रक्तदाब, साखर, सीरम क्रिएटिनिन, पिण्याचं पाणी बोअरचं, विहिरीचं की नळाचं, डायलिसिसला कुठे जावं लागतं आणि एका खेपेला गाडीभाडं, जेवण, बुडालेली मजुरी धरून किती पैसे जातात. हा शेवटचा रकाना सहसा कुणी ठेवत नाही, आणि घराचं कंबरडं कुठे मोडतं ते नेमकं तिथेच कळतं. नोंद घेताना माणसाची संमती घ्यावी. देणगीदाराकडे आकडे जावेत, नावं कधीच जाऊ नयेत.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव आहेत, बुलढाणा नाही. अनेक कंपन्या आधी ती यादी पाहतात. जिल्ह्याच्या सरासरीत घाटावरचं आणि घाटाखालचं एकत्र मिसळतं, सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावं तर त्यात दिसतही नाहीत. म्हणून गावनिहाय आकडे स्वतःच जमवावे लागतात.

आता कागदपत्रं. न्यासाची नोंदणी 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात असते. तिथल्या परिशिष्ट एकवर आजचेच विश्वस्त आहेत ना, हे आधी तपासा. वारलेल्या विश्वस्ताचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं, चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दिलेलाच नसतो, आणि चांगला प्रस्ताव तिथे अडतो. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आयकराची 12ए आणि 80जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी, स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक ही नेहमीची यादी. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्वाचा, निधी हवा असेल, तर 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणीही लागते. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी. त्यासाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते आणि मुख्य कामावर 15 लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. नव्या संस्थेने आधी देशातल्या न्यासांची आणि कंपन्यांची दारं ठोठावावीत. सीएसआरवर नफ्याच्या 2 टक्के खर्च करण्याची अट मोठ्या कंपन्यांनाच लागू आहे आणि कायदा त्यांना आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. तेव्हा खामगावसारख्या औद्योगिक गावात कोणाचा कारखाना आहे, इथून सुरुवात करावी.

अंदाजपत्रकात मात्र हात आखडू नका. समजा, 12 गावांत 4,000 प्रौढांची वर्षातून दोनदा तपासणी करायची. म्हणजे 8,000 तपासण्या. यंत्रं एकदाच येतात, पण नर्सताईचा पगार, साखर तपासायच्या पट्ट्या, प्रयोगशाळेचं बिल, गाडीचं डिझेल, हिशेबनिसाचं मानधन दर महिन्याला लागतं. इमारत आणि रुग्णवाहिका मागणारे अर्ज खूप येतात; फलक लावायला त्या बऱ्या दिसतात. पण नर्सताईचा पगार बंद झाला की केंद्राला कुलूप लागतं, म्हणून मी पगार आधी मागेन. एकूण खर्चाला 8,000 ने भागून एका तपासणीचा दर प्रस्तावात ठळक लिहावा. देणगीदार तो आकडा शोधतच असतो.

पुढे अधिकारी पाहणीला येतात. त्या दिवशी मंडप, हारतुरे नकोत. रोजची ओपीडी चालू ठेवा आणि आशाताईंना मोकळेपणाने बोलू द्या. मंजुरीनंतर पैसा बहुधा हप्त्यांनी येतो. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र आणि प्रगती अहवाल गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. एखाद्या गावात रुग्ण टिकले नसतील तर तसंच लिहावं, कारणासकट. अनुदान बहुतेक वेळा तीन वर्षांचं असतं. म्हणून दुसऱ्या वर्षीच वहीतले आकडे घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावं, आणि तपासणीतला कोणता भाग प्राथमिक आरोग्य केंद्र आपल्याकडे घेईल, हे बोलून लेखी ठरवून घ्यावं.