संकलनाची कात्री आपल्या हाती

आमच्या नात्यातील एका मुलीचा मंगल परिणय लासलगावी पार पडला. त्रिसरण-पंचशील झाले, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या आणि मुलीच्या वयोवृद्ध आजोबांनी पाच मिनिटे भाषण केले. आयुष्यभर हमाली करून मुले शिकविलेला हा माणूस बोलताना सारा मंडप शांत होता.

महिन्याभराने लग्नाची चित्रफीत घरी आली. त्यात वरात होती, बँड होता, पंगती होत्या, सिनेमाची गाणी होती. पंचशील मात्र अर्ध्या मिनिटात उरकले होते आणि आजोबांच्या भाषणाचा तर पत्ताच नव्हता. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "चित्रण केले होते हो, पण एडिटिंगमध्ये गेले. मूळचे आता पुसून टाकले." पुढच्या पावसाळ्यात आजोबा वारले. त्यांचा आवाज आज घरात कुणाजवळही नाही.

धम्मबंधू-भगिनींनो, दोष एकट्या फोटोवाल्याचा नाही. आपल्या दृष्टीने मोलाचे काय, हे त्याला ठाऊक नव्हते आणि ज्यांना ठाऊक होते, त्यांना ते काम येत नव्हते. व्हिडिओ एडिटिंग, म्हणजेच संकलन, आपल्या मुलामुलींनी का शिकावे, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

संकलन म्हणजे काय, हे लासलगावच्या आयाबायांना समजावून सांगायला नको. खळ्यावर कांद्याची रास पडते. मोठा कांदा वेगळा, गोल्टी वेगळी, सडका बाजूला. रास एकच, पण गोणीत काय भरले जाईल ते निवडणारा हात ठरवतो. चित्रणाचेही तसेच. कॅमेरा रास गोळा करतो. लोकांपुढे काय जाणार ते संकलक ठरवतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, कारण इतरांच्या वृत्तपत्रांत आपल्या दुःखाला जागा नव्हती. आज मोबाइलमुळे कॅमेरा घरोघरी आला आहे. पण चित्रण करणे म्हणजे अर्धेच काम. उरलेले अर्धे दुसऱ्याच्या हाती असेल, तर आपण अजून मूकच आहोत.

संकलनाला किती चिकाटी लागते याचे एक उदाहरण पाहा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचे बळी गेले. त्यानंतर लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी यावर 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट केला. त्याचे संकलनही त्यांनी स्वतःच केले. चित्रपट लोकांपुढे आला २०११ साली. चौदा वर्षांचे चित्रण जपून ठेवले, म्हणूनच त्यातून निवड करता आली. शिकणाऱ्याने पहिला धडा हाच घ्यावा: मूळ चित्रण कधीही पुसू नये, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

आता शिकायचे कुठे? पुण्याची चित्रपट संस्था सर्वांच्या आवाक्यातली नाही. पण इंटरनेटवर शिकणाऱ्यांची मोठी बिरादरी आहे. शॉटकट, ओपनशॉट, केडेनलाइव्ह ही संकलनाची सॉफ्टवेअरे फुकट मिळतात आणि तयार चित्रफितीवर कंपनीचा शिक्काही उमटत नाही. ती वापरणारे जगभरचे लोक एकमेकांच्या अडचणी सोडवतात. मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम मराठीसह अनेक भारतीय भाषांत छोटे छोटे धडे देतो. आवाज स्वच्छ करायला उपयोगी पडणारे 'ऑडॅसिटी' त्यातून शिकता येते. धड्यात जिथे अडलो, तो मिनिट आणि सेकंद नोंदवून प्रश्न विचारण्याचीही तिथे सोय आहे.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत असते. "चालत नाही, मदत करा" एवढ्याने कुणी काही सांगू शकत नाही. कोणता मोबाइल किंवा संगणक, कोणते सॉफ्टवेअर, आपण काय केले आणि काय झाले, एवढे लिहावे. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी लाजू नये. आपले काम झाले की नवख्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे. घेतले तसे देणे, हीसुद्धा दानपारमिताच.

पालकांनी मात्र सावध असावे. अनोळखी माणसाला मुलींनी फोन नंबर, पत्ता देऊ नये. "पैसे भरा, घरबसल्या काम देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

तरीही एकट्याने पडद्यासमोर बसून शिकणे अपुरेच. स्वतःच्या कामातली चूक स्वतःला दिसत नाही. म्हणून रविवारी वंदना झाल्यावर विहारातच पाच-सहा मुलामुलींनी एकत्र बसावे. दहा मिनिटांचे एकच चित्रण सर्वांनी घ्यावे आणि ज्याने त्याने त्यातून दोन मिनिटांची चित्रफीत करावी. मग सर्वांच्या चित्रफिती सर्वांनी पाहाव्यात. एकाने गाळले ते दुसऱ्याने का ठेवले, यावर बोलावे. तिथेच खरे शिक्षण होते.

आणि एक पथ्य पाळावे. अर्धे वाक्य कापले तर बोलणाऱ्याचा अर्थ उलटा होतो. आपल्यावर हा अन्याय अनेकदा झाला आहे. तो आपण विरोधकावरही करू नये. सम्यक वाचा जिभेला लागू आहे, तशी ती कात्रीलाही लागू आहे.

शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती सभा डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता राहिली नाही. त्यांचे अनुभव टिपून ठेवायला तेव्हा गरिबाच्या घरी साधन नव्हते. आज साधन आहे. घरातल्या आजीला या रविवारी उजेडात बसवा, पंखा बंद करा, मोबाइल स्थिर ठेवा आणि तिला विचारा, "आजी, तुझ्या लहानपणी वस्तीत पाणी कुठून आणायचे?" ती सांगेल ते सारे जपून ठेवा. संकलन मुले हळूहळू शिकतील. आजी मात्र थांबणार नाही.

जय भीम!