मठातल्या साधूंनी धर्म कसा पसरवला



नाताळचा सण आपल्या सर्वांना माहीत आहे. प्रभू येशूचा जन्म पॅलेस्टाईनमध्ये झाला. मग त्यांचा धर्म पार इंग्लंडपर्यंत कसा काय गेला? त्या काळी आगगाडी नव्हती, छापखाना नव्हता, रेडिओ तर नव्हताच. यातले पुष्कळसे काम मठात राहणाऱ्या साधूंनी केले. त्यांची माहिती मी सांगते.

मठ म्हणजे साधूंनी एकत्र राहायची जागा. हे साधू लग्न करत नसत. कोणाकडेही स्वतःच्या मालकीची वस्तू नसे, सगळे सगळ्यांचे. इटली देशात बेनेडिक्ट नावाचे एक मोठे साधू होऊन गेले. त्यांनी मठासाठी नियम लिहिले. रात्री एकदा आणि दिवसा सात वेळा प्रार्थना करायची. उरलेल्या वेळात हातांनी काम करायचे आणि वाचायचे. आळस हा मनाचा शत्रू आहे असे त्या नियमांत सांगितले आहे. प्रत्येकाला रोज एक पौंड पाव मिळे. साधू शेती करत, आजाऱ्यांची सेवा करत आणि आलेल्या पाहुण्याला जेवू घालत. त्यामुळे आजूबाजूच्या लोकांना मठाचा आधार वाटायचा.

आता इंग्लंडची गोष्ट ऐका. रोमच्या पोपने पाठवलेले ऑगस्टीन नावाचे साधू इ. स. ५९७ साली इंग्लंडमधल्या केंट राज्यात पोहोचले. त्यांच्याबरोबर सुमारे चाळीस माणसे होती. केंटचा राजा एथेलबर्ट याची राणी ख्रिस्ती होती, पण राजा नव्हता. हे साधू जादूटोणा करतील अशी राजाला भीती वाटली. घरात जादू चालते, उघड्यावर चालत नाही अशी तिकडे समजूत होती. म्हणून राजा उघड्यावर बसला आणि मगच त्यांना भेटला! त्याने सर्व ऐकून घेतले. तो म्हणाला की तुमचे बोलणे चांगले आहे, पण नवीन आहे. आमचे जुने सोडून मी ते लगेच कसे धरू? तरी त्याने साधूंना राहायला जागा दिली, जेवण दिले आणि शिकवायला मोकळीक दिली. पुढे त्याने स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

उत्तरेकडची गोष्ट मला जास्त आवडते. कोलंबा नावाचे साधू ५६३ साली आयर्लंडहून निघाले. त्यांनी स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर मठ काढला. पुढे ओस्वाल्ड नावाचा एक इंग्रज राजपुत्र शत्रूमुळे देश सोडून तिकडे आश्रयाला गेला आणि आयरिश साधूंची भाषा शिकला. तो राजा झाल्यावर त्याने आयोनाहून साधू मागवला. पहिला साधू आला तो फार कडक होता. लोक त्याचे ऐकेनात. तो परत गेला आणि म्हणाला, तिथले लोक अडाणी आणि हट्टी आहेत. तेव्हा मठातले एडन नावाचे साधू त्याला म्हणाले की लहान मुलाला आधी दूध देतात, तसे तू आधी सोपे शिकवायला हवे होतेस. हे ऐकून सगळ्यांनी ठरवले की एडननाच पाठवायचे.

एडन ६३५ साली आले. राजाने त्यांना लिंडिसफार्न नावाचे बेट दिले. ओहोटी लागली की तिथे चालत जाता येते आणि भरती आली की चहूकडे पाणी. पण एक अडचण होती. एडनना तिथली भाषा नीट येत नव्हती. मग काय, ते उपदेश करत आणि स्वतः राजा लोकांना अर्थ सांगे! राजा दुभाषी झालेला मी प्रथमच वाचला.

एडन गावोगाव पायी फिरत. एका राजाने त्यांना चांगला घोडा दिला, तर तो त्यांनी भिकाऱ्याला देऊन टाकला. श्रीमंतांनी दिलेल्या पैशातून ते गुलामांना सोडवत. त्यांनी आपल्याजवळ बारा इंग्रज मुले शिकायला ठेवली. ती मोठी होऊन आपल्या लोकांना आपल्याच भाषेत शिकवतील म्हणून. ही सर्व हकीगत एका साधूने ७३१ साली पुरी केलेल्या ग्रंथात आहे. त्या साधूचे नाव बीड. आपल्या बीड जिल्ह्यासारखेच, पण हा माणूस बरं का!

मठात पुस्तकेही होत. वासराचे कातडे साफ करून त्यावर पिसाच्या लेखणीने लिहीत. एक पुस्तक लिहायला कितीतरी दिवस लागत. लिंडिसफार्नचे एक सुंदर रंगीत पुस्तक आज लंडनच्या ग्रंथालयात आहे. ते लॅटिन भाषेत आहे. सुमारे अडीचशे वर्षांनी आल्ड्रेड नावाच्या माणसाने प्रत्येक ओळीच्या वर बारीक अक्षरांत इंग्रजी अर्थ लिहिला. आपण कठीण शब्दाच्या वर पेन्सिलीने अर्थ लिहितो ना, तस्सेच!

८६३ साली सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ स्लाव लोकांकडे गेले. त्या लोकांच्या भाषेला लिपी नव्हती. म्हणून या भावांनी अक्षरेच नवीन तयार केली आणि मग पुस्तके लिहिली.

पण सगळीकडे असे प्रेमाने झाले नाही. शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांवर तलवारीच्या जोरावर धर्म लादला. त्याच्याच दरबारातल्या आल्क्विन नावाच्या पंडिताला हे पटले नाही. त्याने ७९६ साली पत्र लिहून सांगितले की माणसाला बळजबरीने बाप्तिस्मा देता येईल, पण मनात श्रद्धा घालता येणार नाही. मला हे अगदी खरे वाटते. मारून मुटकून पाढे पाठ होतील, पण आवडणार नाहीत.

बऱ्याच काळानंतर इंग्लंडचे फादर स्टीफन्स गोव्यात आले. ते मठातले साधू नव्हते, जेझुइट पंथाचे धर्मगुरू होते. त्यांनी येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. एडननी इंग्रज मुलांना त्यांच्या भाषेत शिकवायचे ठरवले होते. फादर स्टीफन्स तर इंग्लंडहून येऊन आपली भाषा शिकले आणि आपल्या भाषेत लिहू लागले.

— इयत्ता ४ थी