भडकल गेट ते विद्यापीठ गेट : बाइक ठेवा, पायी चला!

वीकएण्डला पाहुणे आले की आपला प्लॅन ठरलेला. मकबरा, दौलताबाद, वेरूळ आणि परतीच्या वाटेवर भेळ. लेणी आणि किल्ले सगळे दाखवतात, पण छत्रपती संभाजीनगर (म्हणजे २०२३ पर्यंतचं औरंगाबाद) हे लिहिणाऱ्यांचं शहर आहे, हे कोण दाखवणार? हसनाबाद, भोकरदनकडून इथं नोकरीला आलेल्यांनी आणि इथंच वाढलेल्यांनीही एका रविवारी सकाळी सात वाजता भडकल गेटपाशी जमावं. सोबत एखादे जाणते प्राध्यापक गाइड म्हणून हवेतच. नाहीतर मलिक अंबरनं उभारलेली ही कमान म्हणजे आपल्यासाठी निव्वळ ट्रॅफिकचा स्पॉट!

पुढचा थांबा पाणचक्की. पाण्याच्या जोरावर इथं पीठ दळलं जायचं, हे शाळेच्या सहलीत ऐकलेलं असतं. पण इथं बसून ऐकायची गोष्ट वेगळी आहे, वली औरंगाबादीची. सतराव्या शतकात याच शहरात जन्मलेला हा शायर दिल्लीला गेला. तिथले बडे शायर तेव्हा फारसीत लिहीत. बोलीभाषेत काय शायरी करायची, असा त्यांचा तोरा. वलीच्या गझला ऐकल्या आणि तेही उर्दूत लिहू लागले. म्हणजे बॉस, दिल्लीला उर्दू गझलेची गोडी लावणारा माणूस आपल्या गावचा! १७०७ मध्ये तो अहमदाबादेत वारला. त्याची कबर २००२ च्या दंगलीत पाडली गेली आणि त्या जागेवर डांबरी रस्ता झाला. वलीनंतरचा सिराज औरंगाबादीही इथलाच. आबिदा परवीन यांच्या आवाजात तुम्ही तो कदाचित ऐकलाही असेल, नाव माहीत नसताना.

खाम नदी ओलांडली की नागसेनवन. इथं घाई करू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेलं कॉलेज पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. खेड्यापाड्यांतून ट्रंक घेऊन आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी पोरं इथल्या होस्टेलांत राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी 'युगयात्रा' नाटक लिहिलं आणि ते खुद्द बाबासाहेबांनी पाहिलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथल्याच प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' सुरू केलं. ज्यांचं लिखाण मोठी मासिकं 'साभार परत' करत, त्यांना या त्रैमासिकानं पानं दिली. दलित साहित्याची चर्चा मुंबईपासून सुरू करण्याची आपल्याकडे सवय आहे. ती थोडी बदलायला हरकत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत सॅन होजेला पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष पानतावणेच होते. २०१८ मध्ये ते गेले.

शेवटचा टप्पा विद्यापीठ गेट. १९५८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठी सोळा वर्षं लढा चालला, माणसं मेली, घरं जळाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी गेटसमोर गर्दी लोटते आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. घासाघीस करत, उभ्याउभ्या पानं चाळत लोक पुस्तकं घेतात. वॉक जानेवारीत करणार असाल तर हीच तारीख धरा. रिकामी सॅक आणि सुटे पैसे मात्र विसरू नका.