टीव्हीचा परवाना, काम रेडिओचं! अमेरिकेतली ‘फ्रँकन एफएम’ केंद्रं आहेत तरी काय?

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या शिकागो शहरात गाडीतून फिरताय. रेडिओ ८७.७ वर लावला की ‘मीटीव्ही एफएम’वर जुनी इंग्रजी गाणी लागतात. २०१५ पासून ती ऐकणारे हजारो लोक याला रेडिओ केंद्रच समजतात. पण सरकारी कागदांवर हे कमी शक्तीचं टीव्ही केंद्र आहे!

टीव्हीचा आवाज रेडिओवर कसा?

अमेरिकेत एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतो. टीव्हीच्या सहाव्या चॅनलची जागा त्याला अगदी खेटून, म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झवर. जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीत चित्र आणि आवाज वेगवेगळ्या लहरींवर जायचे. सहाव्या चॅनलचा आवाज ८७.७५ वर असायचा आणि तोही एफएम पद्धतीनेच. त्यामुळे साध्या रेडिओवरही तो पकडता यायचा.

मोठ्या शहरांत नवीन एफएम परवाना मिळणं जवळपास अशक्य आणि चालू केंद्र विकत घेणं प्रचंड महाग. त्यामानाने कमी शक्तीचं टीव्ही केंद्र स्वस्तात मिळायचं. मग काहींनी शक्कल लढवली: पडद्यावर नावापुरतं चित्र आणि खरा कार्यक्रम आवाजाचा! दोन वेगळ्या गोष्टी जोडून तयार झालेल्या या प्रकाराला फ्रँकेनस्टाइनच्या गोष्टीवरून ‘फ्रँकन एफएम’ हे नाव पडलं.

मग अडचण कुठे आली?

डिजिटल टीव्हीत चित्र आणि आवाज एकाच डेटात मिसळलेले असतात. तो डेटा एफएम रेडिओला कळत नाही. पूर्ण शक्तीच्या टीव्ही केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रसारण १२ जून २००९ रोजी थांबलं. कमी शक्तीच्या केंद्रांना १३ जुलै २०२१ पर्यंत मुदत मिळाली. त्यानंतर ८७.७ वर शांतता पसरणार, असंच वाटत होतं.

तरीही ती वाचली कशी?

एटीएससी ३.० या नव्या डिजिटल तंत्रामुळे. त्यात टीव्हीचा सिग्नल थोडा अरुंद करता येतो. उरलेल्या फटीत जुन्या पद्धतीचा आवाज बसवता येतो. अमेरिकेची प्रसारण नियामक संस्था ‘एफसीसी’ने आधी याला तात्पुरती परवानगी दिली.

सगळ्यांना हे पटलं नाही. टीव्हीसाठी दिलेली जागा रेडिओसाठी का वापरायची, असा आक्षेप होता. ‘एनपीआर’ या सार्वजनिक रेडिओ संस्थेनेही विरोध केला. दुसरी बाजू श्रोत्यांची होती. यातली काही केंद्रं इंग्रजीखेरीज इतर भाषांत, स्थलांतरितांसाठी कार्यक्रम करतात. लॉस एंजेलिसमध्ये स्पॅनिश, न्यूयॉर्कमध्ये कोरियन. अशा श्रोत्यांना दुसरं केंद्र सहज मिळत नाही.

शेवटी काय ठरलं?

२० जुलै २०२३ रोजी एफसीसीने मधला मार्ग काढला. आधीपासून चालू असलेल्या १४ केंद्रांना कायम परवानगी, नव्यांना मात्र दार बंद. अटीही घातल्या: डिजिटल टीव्हीचा किमान एक मोफत कार्यक्रम चित्रासह दाखवायचा आणि इतरांच्या प्रसारणात व्यत्यय आणायचा नाही.

थोडक्यात, पळवाट बुजवली, पण त्या वाटेने आधीच आलेल्यांना परत पाठवलं नाही. नियम बनवताना ही केंद्रं कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. पण रोज ऐकणारा श्रोता तयार झाला, की ८७.७ वरचा आवाज बंद करणं नियामकालाही सोपं राहत नाही.